सरळ भिंत नापास!

अख्ख्या अमिरातीत चुन्याच्या गिलाव्याला माझ्यासारखा हात नाही! तिकडे हमरियाच्या साइटवर माझा गिलावा दोनदा पडला, पण तो सिमेंटचा होता. चुन्याचा मी तोवर केलाच नव्हता, मग पडणार कुठून?

गिलावा करताना अंगावर शिंतोडे उडतात, तसे किस्से जमतात. कितीही आंघोळ करा, कानामागे एखादा राहतोच. हे त्या कानामागचे.

*

काम होतं जुन्या सैनिकांच्या कब्रस्तानात. फाटकाजवळ समुद्री दगडाची पहाऱ्याची कोठी होती, ती 'जशी होती तशी' करायची. आमचे इंजिनियर देशपांडेसाहेब, मूळचे पुण्याचे, राहायला अल बर्शाला. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा ओळंबा काढून घेतला.

"बाबूकाका, भिंत सरळ नकोय. जुन्यासारखी हवी."

"म्हणजे वाकडी? किती?"

"होती तेवढी."

"ओळंब्याशिवाय कशाने मोजू?"

साहेब डोकं खाजवत राहिले. ओळंबा मात्र दिला नाही!

*

तपासायला सरकारच्या जुन्या वास्तूंच्या खात्यातल्या मरियम मॅडम यायच्या. आधी हातभर सँपल, ते पास झालं तरच पुढचं काम. पहिलं सँपल नापास, का तर "टू परफेक्ट!" दुसरं मी मुद्दाम वाकडं केलं. मॅडम म्हणाल्या, "हे खोटं वाटतं."

चाळीस वर्षं वाकडं झालं म्हणून शिव्या खाल्ल्या, आता सरळ झालं म्हणून!

"अजून एक चान्स. नंतर खलास, दुसरी गँग आणा," मॅडमनी साहेबांना सांगितलं. आम्ही सहा जण. सगळ्यांचे व्हिसे त्या हातभर भिंतीला टांगलेले. मी बासष्टचा, मला दुसरीकडे कोण घेणार?

*

आमच्यातला शांताराम गुहागरचा, स्वच्छतेचा भारी किडा. मॅडम खूश व्हाव्यात म्हणून पठ्ठ्याने कोठीच्या चुलीमागची काळी भिंत घासून लख्ख केली.

साहेब आले आणि मटकन खालीच बसले. "अरे, ती काजळी ऐतिहासिक होती!"

शांताराम घाबरला. "साहेब, टेन्शन नका घेऊ. स्टोव्ह आणतो, संध्याकाळपर्यंत परत काळी करतो!"

*

सुटलेल्या प्रत्येक दगडाला नंबराची चिठ्ठी लावायची, मग त्याचा फोटो रिपोर्टमध्ये. मी एक चिठ्ठी साहेबांच्या चहाच्या मगच्या बुडाला चिकटवली. दोनशे बारा नंबर.

आठवड्याने साहेब एका हातात कागद, दुसऱ्यात चहा घेऊन धावत आले. "बाबूकाका, दोनशे बारा कुठेय? मॅडम विचारतायत, मूळ जागी कधी बसवणार?"

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही आत्ता त्यातूनच पिताय!"

दोन दिवस कागदी कपातून प्यायले. नंतर परत त्याच मगमधून.

*

एकदा साहेबांची आठ वर्षांची लेक आली होती. मी थापीने गिलाव्याचा सरळ काठ तासून बिघडवत होतो. ती जवळ येऊन वाकून बघायला लागली.

"पपा, व्हाय इज आजोबा मेकिंग इट वर्स?"

साहेब म्हणाले, "बेटा, तेच हवंय."

पोरीने आधी बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला नक्की कुणाची दया आली, मला अजून कळलेलं नाही.

*

शेवटच्या सँपलचा दिवस. रात्रभर झोप नव्हती. अंदाजाने, डोळे मिटून, हाताला येईल तसं लिंपलं होतं.

रोज सकाळी एक म्हातारे अरबी सैनिक यायचे, बू सालेम. तिसऱ्या रांगेत त्यांचा दोस्त पुरलाय. त्याला सलाम ठोकायचे, मग आमच्यात येऊन चहा प्यायचे. इथल्या जुन्या माणसांसारखं हिंदी फाडफाड. त्या दिवशीही दारातच बसलेले.

मॅडमनी माझ्या सँपलवरून बोट फिरवलं आणि नाही म्हणून मान हलवली. मग शेजारच्या जुन्या भिंतीवर पंजा ठेवला. "हे बघा! केवढा मोकळा हात! हा कारागीर आता कुठून आणायचा?"

साहेबांचा चेहरा पडला. शांतारामने देवाचं नाव घेतलं. मी आपलं तोंड पाडून म्हटलं, "मॅडम, ते उस्ताद गेले. तो हात त्यांच्याबरोबरच गेला."

बू सालेमनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"कौन गया? मैं इधर बैठा है! छुट्टी से दो दिन लेट आया, तो सजा में ये दीवार मेरे से लिपवाया था. मॅडम, मेरा सजा का काम एक नंबर, तो ये बुढ्ढे का दिल लगा के बिगाडा हुआ क्यों फेल?"