उजव्या पायाची घुंगरं

"दुसरा पाय गावी राहिला का रे तुझा?"

ताईंनी हे विचारलं आणि दादरच्या त्या हॉलमधल्या सगळ्या मुली हसल्या. मुलगा मी एकटाच. मग मीही हसलो. नुसता नाही, सगळ्यांत मोठ्यांदा. लोक आपल्याला हसत असले की आपण पटकन त्यांच्यात घुसायचं, म्हणजे नक्की कुणाला हसतायत ते कुणाला कळत नाही, अशी माझी तेव्हा समजूत होती. तेरा वर्षांचा होतो. अक्कल बेताची होती आणि भरपूर आहे असं वाटायचं.

झालं होतं असं. कथकच्या क्लासात पहिले आठ महिने आम्ही नुसत्या पायांनी तत्कार केला. ता थेई थेई तत्. मग ताई म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी घुंगरं आणा. नटराजासमोर ठेवू, मी हात लावून देईन, मग बांधायची." मी घरी सांगितलं. बाबांनी माळ्यावरून ट्रंक उतरवली आणि स्वतःची घुंगरं बाहेर काढली. घासली, धुतली, गॅलरीत उन्हात ठेवली. मग एका स्वच्छ फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली.

स्वच्छ म्हणजे बाबांच्या हिशेबाने स्वच्छ. बाबा लालबागला मसाल्याच्या दुकानात डंकावर कामाला. डंक म्हणजे मिरची कुटायचं यंत्र. फडकं त्या दुकानातलं. मी हॉलमध्ये पहिला पाय आपटला आणि पुढच्या रांगेतल्या तिघी शिंकल्या. आणखी चार वेळा आपटला, तर तबलजी शिंकले. ठेका तुटला. ताई डोळे पुसत पुसत माझ्याजवळ आल्या, आणि तेव्हा त्यांचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. उजव्या पायात घुंगरं. डावा मोकळा.

आमच्या गावी, गुहागरच्या बाजूला, गौरी-गणपतीत जाखडी नाचतात. मधे मृदुंगवाला आणि गाणारे बुवा बसतात, भोवती नाचणाऱ्यांचं रिंगण. घुंगरं एकाच पायाला, उजव्या. बाबांना मी लहानपणी विचारलं होतं, एकालाच का? ते म्हणाले, "जो पाय आपटायचा त्यालाच. दुसऱ्यानं ऐकायचा." कथकमध्ये दोन्ही पायांना लागतात हे मला माहीत नव्हतं का? होतं. आठ महिने मोठ्या मुलींच्या पायांकडेच तर बघत होतो. पण बाबांनी इतक्या मानाने बांधायला शिकवलं होतं, की आपलं चुकीचं असेल असं डोक्यातच आलं नाही.

"कुणी दिली ही?" ताईंनी विचारलं.

इथे मी खरं बोललो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. मी म्हणालो, "आमच्या चाळीत एक माणूस आहे, ताई. बाल्या आहे."

मुंबईत कोकणातून आलेल्या घरगड्यांना पूर्वी बाल्या म्हणायचे. त्यावरून आमच्या जाखडीलाही इथे बाल्या डान्स म्हणतात. बाबांनी तो शब्द कधी उच्चारला नाही. मी उच्चारला. त्यांच्याच घुंगरांत उभा राहून.

"अगं बाई! आणि कसा नाचतो तो?" ताईंना मौज वाटली.

मी नाचून दाखवलं. गुडघे जास्त वाकवून, मान कोंबडीसारखी हलवून. हॉल पुन्हा हसला, पण या वेळी माझ्या बाजूने हसला. तो फरक मला फार आवडला.

इथे ताईंबद्दल सांगायला हवं. ताई दुष्ट नव्हत्या. दुष्ट असत्या तर सोपं गेलं असतं. आमच्या चाळीच्या गणपतीत मी एका फिल्मी गाण्यावर नाचलो, त्या स्पर्धेला त्या परीक्षक होत्या. "याच्या अंगात लय आहे, माझ्याकडे पाठवा," असं त्यांनी स्टेजवरून, माईकवर सांगितलं. आई आठवडाभर जमिनीला पाय लावत नव्हती. ताईंच्या हॉलवर मोठा बोर्ड होता: कथक, कंटेम्पररी, बॉलिवूड, वय चारपासून. बॉलिवूडची बॅच मागच्या खोलीत, बूट घालून. कथक पुढच्या हॉलमध्ये, पाय धुऊन. मला पुढच्या हॉलमध्ये घेतलं होतं. याचं मला कोण अप्रूप!

त्या शनिवारनंतर कुणी पाहुणा आला की ताई हाक मारायच्या, "अरे, तो तुमच्या चाळीतला बाल्या करून दाखव ना."

मी करायचो. आणि कलाकारच तो, दर वेळी नवीन काहीतरी घालायचो. बाबांचा कमरेवरचा हात घातला. जिना चढताना गुडघ्यावर तळवा टेकतात, तो घातला. आणि सगळ्यांत मोठा हशा घेणारी गोष्ट म्हणजे नाक पुसणं. बाबांचे हात दिवसभर मिरचीत. नाकाला, डोळ्याला बोट लावायची सोय नाही. म्हणून ते खांदा वर उचलून त्यावर नाक पुसतात. कामावर नसले तरी. सणाच्या दिवशी नवा शर्ट घातला तरी. इतक्या वर्षांची सवय. मी नाचता नाचता मधेच थांबून खांद्यावर नाक पुसायचो आणि पुन्हा नाचायला लागायचो. लोक अक्षरशः पोट धरायचे.

मला हवा होता तराणा. वार्षिक कार्यक्रमात मोठ्या मुलींबरोबर तराण्यात उभं राहायचं, पांढरा अंगरखा, शेवटी चक्करं. त्यासाठी मी वर्षभर चाळीच्या गच्चीवर चक्करं मारली. एकदा पाण्याच्या टाकीवर आपटलो, कपाळावर टेंगूळ. वरच्या काकी म्हणाल्या, "कथक का काय ते नाक्यावर कर, टाकी फुटंल." टेंगूळ घेऊन क्लासला गेलो. चक्करं बसली होती. एकवीस. हात सरळ, नजर जागेवर.

नावं लागली तेव्हा तराण्यात माझं नाव नव्हतं. ताईंनी मला बाजूला घेतलं, पाठीवर हात ठेवला.

"हे बघ, तुझी लय पक्की आहे. पण तराण्याला एक ठेवण लागते रे. ती घरातून येते. तुझी ठेवण लोकनृत्याची आहे. त्यात वाईट काही नाही हं. आपण असं करू, मधे एक हलकाफुलका आयटम ठेवू, तुझा बाल्या. तो छान झाला तर तराण्यात शेवटच्या रांगेत उभं करते."

मी म्हणालो, "थँक्यू, ताई."

थँक्यू म्हणालो. हे लिहिताना आजही कानशिलं तापतात.

घरी मी एवढंच सांगितलं की कार्यक्रमात जाखडी आहे आणि मी करतोय. बाबा जेवत होते. घास हातातच राहिला. "जाखडी? दादरला? स्टेजवर?" त्यांनी तीनदा विचारलं. मग रोज संध्याकाळी कामावरून आले की हात लिंबाने चोळून धुवायचे आणि गॅलरीत मला उभं करायचे. "गुडगा येवडा नको वाकवू. जमीन खाली नाय गेलेली." "आदी गण. देवाला हाक मारल्याबिगर पाय उचलायचा नाय." मी शिकलो. गंभीरपणे. आणि शिकलेलं सगळं क्लासात नेऊन त्याचं विडंबन केलं. इतका चांगला गुरू मिळाल्यावर नक्कल उत्तमच होणार.

रंगीत तालमीच्या दिवशी बाबा आले. मी बोलावलं नव्हतं. अर्धा दिवस सुट्टी घेऊन, इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, आणि खांद्याला मृदुंग. चिंचपोकळीच्या एका गाववाल्याकडून मागून आणलेला. मी विंगेत होतो. गुडघ्याच्या वर नेसलेलं धोतर, काजळाने काढलेल्या मिशा, पोटावर बांधलेली उशी.

"आपण कोण?" ताईंनी विचारलं.

"मी ह्याचा बापूस, म्याडम. वाजवायला कोन लागला तर म्हनून आलो."

"अरे वा! बसा ना, बसा. आधी बघा तरी तुमचा मुलगा काय धमाल करतो ते."

बाबा दुसऱ्या रांगेत बसले. मृदुंग मांडीवर. म्युझिक सुरू झालं. ते टेपवर होतं.

मला थांबता आलं असतं. पोटात दुखतंय म्हणता आलं असतं. मी गेलो आणि केलं. सगळं केलं. मान, गुडघे, कमरेवरचा हात. आया हसत होत्या, मुली हसत होत्या. मधे थांबलो, खांदा उचलला, नाक पुसलं. हॉल कोसळला.

आणि त्याच वेळी दुसऱ्या रांगेत बाबांनी खांदा उचलून नाक पुसलं. त्यांना कळलंही नाही. सवय.

पहिल्या रांगेत बेबी बॅचची एक मुलगी मागे वळून बसली होती. ती ओरडली, "मम्मा, बघ, खरा बाल्या!"

तिच्या आईने तिला दटावलं. पण लोकांनी वळून पाहिलं होतं. बाबांच्या हातात मृदुंग, खांदा अजून अर्धा वर. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या खांद्याकडे. त्यांचा खांदा हळूच खाली आला. माझा वरच होता.

मी बाबांना रागावलेलं पाहिलंय, दमलेलं पाहिलंय. तो चेहरा त्याआधी पाहिला नव्हता. काही चोरीला गेलंय आणि चोर घरचा आहे, असा.

ताईंना यातलं काही कळलं नाही. किंवा कळलं आणि त्यातही त्यांना आयटम दिसला. त्या टाळ्या वाजवत उठल्या. "अहो, तुम्हीच ते! मग तुम्हीही या ना स्टेजवर! बापलेक दोघं. असेच, याच कपड्यांत. काय मजा येईल! हो ना गं?"

बाबा उभे राहिले. मृदुंग खुर्चीवर ठेवला. विचारलं, "मग पोराला त्या दुसऱ्या नाचात घेशीला ना, म्याडम? चक्करांच्या?"

त्यांना सगळं माहीत होतं. मी गच्चीवर कशासाठी गरगरत होतो, ते माहीत होतं. आणि जे आत्ता पाहिलं, ते पाहूनसुद्धा ते चढायला तयार होते. एक पाय पायरीवर होता.

मी म्हणालो, "नाही."

आवाज बारीक आला. परत म्हणालो. "नाही. बाबा नाचणार नाहीत."

"अरे, तुझ्यासाठीच करतेय मी," ताई म्हणाल्या.

"चाळीतला बाल्या वगैरे कुणी नाही, ताई. हे माझे वडील आहेत. घुंगरं त्यांची होती. मी खोटं बोललो. मी हा आयटम करणार नाही. तराणाही करणार नाही."

विद्रोह करताना माणसाच्या पोटावर उशी बांधलेली नसावी. माझी सुटून पायात पडली आणि एक मुलगी फिसकन हसली. मी ती उचलली, खुर्चीवर नीट ठेवली.

ताईंचा चेहरा उतरला. त्या हळू म्हणाल्या, "तुमच्यासाठी काही करायला जावं तर हे असं." तुमच्यासाठी. त्या शब्दात मी होतो, बाबा होते, आमची चाळ, आमचं गाव, आम्ही सगळे होतो. आठ महिन्यांनंतर आणखी एक वर्ष त्या हॉलमध्ये पाय धुऊन उभा राहिलो, आणि मी कोण आहे ते त्या एका शब्दात कळलं.

तुम्हाला वाटेल, बाबांनी मला जवळ घेतलं. नाही. बाबांनी ताईंना हात जोडले. "ल्हान हाय, म्याडम. माफ करा त्याला." मग मृदुंग उचलला आणि निघाले. परळपर्यंत आम्ही चालत आलो, काजळाच्या मिशांसकट. ते पुढे, मी मागे. परळच्या पुलाखाली थांबले. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणाले, "नाचलास बरा. पन गण ऱ्हायला."

त्या गणपतीत आम्ही गावी गेलो. जाखडीचं रिंगण उभं राहिलं. माणसं हाका मारायला आली. बाबा पडवीत बसून राहिले. "गुडगा धरतोय," म्हणाले. पुढच्या वर्षीही गुडघा. त्याच्या पुढच्या वर्षी कुणी हाक मारायला आलं नाही. लालबागच्या दुकानाच्या वरच्या गोदामाचे तीन जिने ते अजून दिवसातून दहादा चढतात.

या गोष्टीला बारा वर्षं होतील. मी आता परळला एका शाळेचा हॉल संध्याकाळी घेऊन मुलांना नाच शिकवतो. हिप-हॉप, बॉलिवूड, जाखडी. कथक मी शिकवत नाही, मला ते अर्धंच येतं. मागच्या महिन्यात समोरच्या टॉवरमधून फोन आला. सोसायटीचा वार्षिक कार्यक्रम. बाई फार गोड बोलल्या. "सर, तुमच्या मुलांचं ते कोकणातलं विनोदी काहीतरी बसवा ना. धोतरं वगैरे. लोकांना मजा येईल." मी विचारलं, "हिप-हॉप चालेल? तराणा चालेल? जाखडी पूर्ण, गणापासून, चालेल?" त्या म्हणाल्या, "सर, तेवढा वेळ नाहीये हो. फक्त फनी पार्ट." मी नाही म्हणालो. पोरांचं स्टेज गेलं. दोन पालक माझ्यावर चिडले, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

बाबा परत नाचणार नाहीत. मी त्यांची माफी एकदा मागितली. "कसली?" म्हणाले आणि चहा प्यायला गेले. माफी मला मिळालेली नाही, मिळणारही नाही, आणि मी पुन्हा मागणार नाही. माफी मागून मोकळं व्हायचा हक्क माझा नाही.

पण नवीन बॅचच्या पहिल्या दिवशी मी मुलांना आणि त्यांच्या आईबापांना समोर बसवतो आणि ही गोष्ट सांगतो. नक्कल करून दाखवत नाही. फक्त सांगतो की ती कुणाची होती आणि कुणी केली. काही आया उठून जातात, मुलाचा हात धरून. जाऊ देत. जोपर्यंत मला हॉल मिळतोय आणि आवाज आहे, तोपर्यंत दर बॅचला सांगणार. आणि आमचा नाच कुणी हसायला मागितला, तर ते कुणीही असो, कितीही गोड बोलो, त्याला तोंडावर नाही म्हणणार. पोरांच्या देखत.