जुनीला हात न लावता

आमची धाकटी सून रक्त तपासणीच्या लॅबमध्ये संगणक सांभाळते. मी शाळा शिकलो ती सातवीपर्यंत, पण तिच्या कामाबद्दल कोणी विचारलं की तासभर बोलतो. घरचे मधेच उठून जातात, ते सोडा.

लॅबमधलं साखर मोजणारं यंत्र पायथन नावाच्या संगणकी भाषेच्या जुन्या आवृत्तीवर चालतं. नुकत्याच आणलेल्या नव्या यंत्राला नवी आवृत्ती हवी. गेल्या महिन्यात सूनबाईनं जुनी काढून नवी टाकली आणि साखरेचं यंत्र मुकं झालं. जुनी परत बसेपर्यंत दोन दिवस रिपोर्ट हातानं लिहिले. लॅबच्या मालकीण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता नवं यंत्रच परत पाठवू. सूनबाई हट्टाला पेटली. तिनं एक दुपार मागून घेतली.

त्या दुपारी जेवणानंतरची साखर तपासायला मी तिथंच बाकावर होतो. नव्या यंत्राच्या प्रोग्रामला लागणारं तयार सामान, म्हणजे पॅकेज, तिनं बसवलं. संगणक म्हणाला, बसलं. प्रोग्राम सुरू केला, तर म्हणे सापडत नाही. पुन्हा बसवायला गेली, तर म्हणे आधीच बसलंय. इतक्या शांतपणे खोटं बोलताना मी फक्त आमच्या चुलत्यांना पाहिलंय.

शेजारचा तंत्रज्ञ म्हणाला, "ताई, जुनी उडवा, कटकट मिटेल."

"मागच्या वेळी तशीच मिटवली होती," ती मान वर न करता म्हणाली.

मग तिनं संगणकालाच विचारलं, बाबा रे, बसवलंस कुठं? जुन्या आवृत्तीत! बसवायचा हुकूमच जुनीचा होता. तो बिचारा इमानेइतबारे सगळं तिच्याच घरात नेऊन टाकत होता. सूनबाईनं ते सामान तिथून काढलं, नव्या प्रोग्रामला वेगळी खोली करून दिली, तिथं नवी आवृत्ती ठेवली आणि पॅकेज त्या नवीच्याच हातून बसवलं. नवं यंत्र चालू झालं.

डॉक्टरीणबाईंनी तिकडं पाहिलंही नाही. म्हणाल्या, "साखरेचं दाखव."

माझंच रक्त तयार होतं. यंत्र घुरघुरलं, कागद निघाला.

"दोन्ही राहू देत," बाई म्हणाल्या, "आणि कुठल्याला कुठली आवृत्ती, ते लिहून भिंतीला लाव."

माझा आकडा दोनशे चाळीस होता. सूनबाईनं तो वाचून माझ्याकडं पाहिलं. यंत्र बिघडलंय म्हणायची सोय तिनं ठेवलीच नव्हती.