सोळा दातांचा वाइस

आमच्या गल्लीत अजूनही एखादा म्हणतो, "त्यांचा धाकटा ना, त्याच्या माश्यांचे गळ तुटायचे." माझ्या तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही. पाठीमागे म्हणतात, आणि ते फिरून माझ्या कानावर येतं. म्हणून लिहायला बसलोय. मी सातवी शिकलेला माणूस. जन्मभर पाना आणि कानस धरली, पेन पगाराच्या दिवशी सहीपुरतं. शुद्धलेखन चुकेल. माप चुकणार नाही.

पंप दुरुस्तीच्या कारखान्यात मी अडतीस वर्षं फिटर होतो, शेवटची अकरा वर्षं हेड फिटर. इंजिनियर लोकांनी भंगारात काढलेले पंप मी उघडून, घासून, परत चालू करून दिलेत. हे मीच सांगतो असं नाही, तिथला कोणीही सांगेल. आता तिथले बरेचसे उरले नाहीत, ती गोष्ट वेगळी.

धाकटा माझ्याहून सहा वर्षांनी लहान. पुस्तकबांधणीच्या दुकानात शिवणीवर बसायचा. बोलायला एकदम कमी. मी दहा वाक्यं बोलायचो तेव्हा त्याचं एक "हं" यायचं. लग्न केलं नाही, आमच्याकडेच मागच्या खोलीत राहायचा. पण त्यानं शिवलेली वही तुम्ही मध्यावर उघडा, दोन्ही बाजू टेबलाला टेकून सपाट पडणार. सुईत दोरा न बघता ओवायचा. मालकाशी बोलता बोलता, नजर मालकाच्या तोंडावर, आणि दोरा सुईत. असा हात होता त्याचा, लक्षात ठेवा.

एका सकाळी पुठ्ठा कापताना त्याचा डावा हात टेबलावरून खाली घसरला. कोणीतरी तिथे ठेवून विसरून गेल्यासारखा. अर्धांगाचा झटका होता. उजवी बाजू वाचली. चालायला लागला काठी घेऊन, पण डावा हात गेला तो गेलाच. बांधणीवाल्यानं चार दिवस वाट पाहिली आणि दुसरा माणूस ठेवला. त्याला तरी काय बोलणार.

पुढचं दीड वर्ष धाकटा खिडकीशी बसून होता. माझ्या बायकोच्या हातचं खायचा आणि प्रत्येक वेळी ताट ठेवताना म्हणायचा, "वहिनी, आयतं खातोय गं." ती चिडायची. "भाऊजी, आणखी एकदा म्हणालात ना, तर ताटच देणार नाही. मग बसा आयतं उपाशी." तो अर्ध्या तोंडानं हसायचा. हसू पण अर्धंच उरलं होतं.

आमच्या जिन्याखाली, कोपऱ्यावर, मासेमारीच्या सामानाचं दुकान आहे. त्या दुकानदाराला सगळे गळवाला म्हणतात. शहराच्या वरच्या अंगाला नदी गार आहे, तिथे हौशी लोक काठ्या घेऊन येतात. ते गळाला खरा किडा लावत नाहीत. गळावर दोरा गुंडाळून, त्यात पिसं बांधून खोटी माशी करतात, ती पाण्यावर टाकतात आणि मासा फसतो. गळवाल्याच्या काचेखाली अशा माश्या मांडलेल्या असायच्या. डॉक्टरनं सांगितलेली चालायची फेरी संपली की धाकटा तिथे काठीवर रेलून उभा राहायचा. एकदा मी सोबत होतो.

"दादा, हे बांधलेलंच आहे ना? सगळं दोऱ्यावर आहे."

"मग?"

"बांधायचं तर मला येतं."

दीड वर्षात स्वतःहून बोललेलं पहिलं वाक्य. मी गळवाल्याला तिथेच हाक मारली. तो म्हणाला, "करू द्या की. दोन हातवाल्यांनाही जमत नाही हे, पण करू द्या. एका मापाच्या डझनभर आणल्या तर मी विकायला ठेवीन. आधी वाइस मात्र लागेल. गळ धरायला."

तिथूनच सगळं सुरू झालं. वाइस म्हणजे शेगडा, वस्तू जबड्यात धरून आवळायचा. दोन हातांचा माणूस एका हातानं सांभाळतो, दुसऱ्यानं गुंडाळतो. धाकट्याला सांभाळणारा हातच नव्हता. म्हणजे वाइस हाच त्याचा डावा हात होणार होता.

गळवाल्यानं कपाटातून तयार वाइस काढून दाखवला. लहानसा, चकचकीत. मी जबडे उघडून बोट फिरवलं. गुळगुळीत! एक खाच नाही.

"ही तर दात पडलेली म्हातारी आहे हो," मी म्हणालो. "ही काय धरणार? पाव बुडवून द्या तिला."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. धाकटा हळूच म्हणाला, "दादा, हाच घेऊ या का?"

"विकत? घरात मी असताना? अडतीस वर्षं काय मी झक मारली?"

घरी आधी जुगाड करून पाहिलं. कपड्यांचा चिमटा लाकडावर ठोकला; दोरा ओढला की गळ गर्रकन फिरायचा. मग पक्कड आडवी बांधली, मुठीला रबर गुंडाळून. धरत होती झकास, पण तिचं तोंड एवढं जाड की धाकट्याची बोटं गळापर्यंत पोचेनात. ड्रिलचं चक लावलं, तर त्यात गळाचा बाक नीट बसेना. बायको दारातून बघत होती.

"इतके दिवस भाऊजी एकटे माश्या मारत होते. आता तुम्ही दोघं मिळून मारा."

"मारत नाही वहिनी, बांधतोय," धाकटा म्हणाला. आम्ही तिघंही हसलो. घरात किती दिवसांनी हसलो ते मला आठवत नव्हतं.

मग मी मनावर घेतलं. मोडक्या पाइप पान्याचे जबडे घेतले, चांगलं पोलाद. ते घासून पुढे निमुळते केले, पेन्सिलीच्या टोकाएवढे. जुन्या पंपाचा स्क्रू बसवला. आणि तिकोनी कानसीनं दात पाडले, वर आठ, खाली आठ. एकात एक असे बसायचे की मधून उजेड दिसत नव्हता. लाल करून तेलात बुडवले. असं काम करणारे आता राहिले नाहीत, खरंच सांगतो. तो वाइस टेबलाला बोल्टानं बसवला आणि जबड्यात नळाची तोटी धरून धाकट्याला म्हणालो, "ओढ." त्यानं एका हातानं ओढली, टेबल हललं, तोटी हलली नाही.

हे मी न्हाव्याकडे सांगितलं. जुन्या कारखान्याच्या फाटकावर जाऊन सांगितलं. भाजीवालीला सांगितलं, तिला काही कळलं नाही तरी. चार गल्ल्यांत असा माणूस नव्हता ज्याला माझ्या सोळा दातांची गोष्ट माहीत नव्हती. काहींना तर मी घरी आणून दाखवला. धाकटा बिचारा काम थांबवून बाजूला सरकायचा.

पहिल्या माशीला त्याला अख्खी सकाळ लागली. दोऱ्याच्या रिळाला मी जड नट अडकवून दिला होता, म्हणजे हात सोडला तरी दोरा ताठ लोंबत राहील. पिसं कोंबडीवाल्याकडची. शेवटची गाठ तो दातात दोरा धरून मारायचा. दहाव्या दिवशी तासाला एक व्हायला लागली.

त्याच आठवड्यात तो मला म्हणाला, "दादा, ह्या दातांवर चामड्याची पातळ पट्टी चिकटवू का? माझ्याकडे आहे बांधणीतली. गळाच्या तारेवर वळ उठतायत."

मी काय म्हणालो ते जसंच्या तसं लिहितो. म्हणालो, "वळ उठतात म्हणजे पकड आहे. चिंध्या बांधायला हा काय फुटका नळ आहे? तू पुस्तकं शिवलीस, पकड मला नको शिकवूस."

तो "हं" म्हणाला. विषय संपला.

डझनभर घेऊन आम्ही खाली गेलो. गळवाल्यानं सगळ्या मोजपट्टीशेजारी ओळीनं मांडल्या, एक डोळा मिटून पाहिलं, आणि एकेक उचलून उलटी करून पाहिली. मग म्हणाला, "हे एका हातानं?" हंगामासाठी पाच डझन मागितल्या. धाकट्यानं पहिल्या कमाईतून बायकोला चहाची गाळणी आणली, कारण आमची फाटलेली होती आणि ती त्याच्याशिवाय कोणाला दिसली नव्हती. त्या दिवसापासून ताटावर बसताना "आयतं" म्हणायचा बंद झाला. नुसता जेवायचा. पाठ ताठ करून.

सहा आठवड्यांत पाच डझन पुऱ्या केल्या. नदीचं पाणी उतरलं, निवळलं, हौशी लोक आले.

एका दुपारी गळवाला स्वतः जिना चढून आला. हातात डबा. धापा टाकत बसला आणि डबा टेबलावर ठेवला.

"बांधणी सुरेख आहे हो, त्यात बोट ठेवायला जागा नाही," तो म्हणाला. "पण गळ तुटतायत. बाकापाशी. पाच जण परत आले. काल एकाचा मोठा मासा गेला, तो दुकानात उभा राहून ओरडत होता."

मी ताडकन उठलो. "गळ तुमच्याच खोक्यातले! हलका माल तुम्ही द्यायचा आणि—"

"त्याच खोक्यातले गळ मी दुसऱ्यांनाही विकतो. त्यांचे तुटत नाहीत."

"दादा, बस," धाकटा म्हणाला. मग गळवाल्याकडे बघून म्हणाला, "चूक माझी आहे. माझा हात हलतो. स्क्रू जास्त आवळला जातो. मी परत घेतो सगळ्या."

आणि मी, त्याचा सख्खा थोरला भाऊ, गळवाल्यासमोर म्हणालो, "सांगितलं होतं तुला, जपून आवळ म्हणून."

मी असं कधीच सांगितलं नव्हतं.

गळवाला गेला. धाकट्यानं डबा पलंगाखाली सरकवला आणि खुर्ची परत खिडकीकडे वळवली. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "वहिनी, आयतं खातोय गं." बायको आत जाऊन नळ सोडून उभी राहिली.

तीन आठवडे टेबलाकडे कोणी फिरकलं नाही. मग मी वाइस काढून न्यायचं ठरवलं. चांगली वस्तू अशी पडून का राहावी, असा माझा हिशोब. धाकटा फेरीला गेला होता. बोल्ट सोडवायला वाकलो तर पलंगाखालचा डबा पायाला लागला, झाकण उघडलं. तुटलेल्या माश्या वरच होत्या.

फिटरला तुटलेली वस्तू दिसली की तो तुटलेलं तोंड बघतो. सवयच ती. भिंग घेतलं. पहिल्या गळावर, जिथे तुटलाय तिथे, कडेला बारीक तिरपी खाच. दुसऱ्यावर तीच. पाचही गळांवर तीच. आणि न तुटलेल्यांवरही तीच. ती खाच मी हजारदा पाहिलेली आहे. माझी तिकोनी कानस.

पाणी पाजलेल्या कडक तारेला खाच पडली की ती तिथेच तुटणार, हे मी पोरांना शिकवायचो. जाड नळाला दात हवेत. ह्या तारेला नकोत. म्हणून दुकानातल्या त्या म्हातारीला दात नव्हते. खात्री करायला मी नवा गळ लावला, आवळला, काढून ओढला. कट. दुसरा. कट. तिसरा लावताना मध्ये धाकट्याच्या पेटीतलं चामडं घातलं. तो वाकला, ताणला गेला, तुटला नाही.

धाकटा दारात उभा होता. कधीपासून, माहीत नाही.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"हं."

"मग त्या माणसासमोर हात हलतो म्हणून का सांगितलंस? बोलला का नाहीस?"

तो काठी भिंतीला टेकवून हळूहळू खुर्चीत बसला. "तू चार गल्ल्यांत सांगून आला होतास, दादा."

बस, एवढंच. रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं.

मी तसाच खाली गेलो. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. मी म्हणालो, "गळ माझ्या वाइसनं तुटले. त्याचा हात हलला नव्हता." आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज बारीक निघाला. गळवाला चांगला माणूस आहे. म्हणाला, "खरं असेल. पण ज्याचा मासा सुटला तो आता तुमच्या भावाची माशी घेणार नाही. मीही काय सांगू त्यांना? हंगामही सरत आला."

वाइसचे दात काढायला दोन दिवस लागले. पोलादाला मीच असं पाणी दिलेलं की कानस नुसती घसरायची. शेवटी धारेच्या दगडावर घासून घासून काढले, सोळाच्या सोळा. धाकट्यानं एक माशी बांधली आणि माझ्या हातात दिली. "ओढ." मी ओढली. गळ सरळ झाला, तुटला नाही. त्यानं मान हलवली.

त्यानंतर अधूनमधून तो बांधायचा. विकायला नाही. नऊ झाल्या. थंडीत दुसरा झटका आला, त्यातून तो उठला नाही. दहावी अजून वाइसमध्ये आहे, अर्धी. नट लोंबतोय, दोरा ताठ आहे. बायको त्या टेबलावरची धूळ पुसते तेव्हा दोऱ्याला धक्का लागू देत नाही.

राहिली ती एक गोष्ट. गळवाल्याला मी सांगितलं, पण चार गल्ल्यांचं काय? त्याच आठवड्यात मी न्हाव्याकडे गेलो होतो. सगळे बसलेले. न्हावी म्हणाला, "काय मिस्त्री, धाकट्याच्या हाताचं ऐकलं. चालायचंच. बिचारा." मी तोंड उघडलं आणि साबण लागला म्हणून मिटलं. दाढी झाली, उठलो, घरी आलो. धाकटा त्यानंतर पाच महिने जगला. पाच महिने मी त्या खुर्चीत जाऊन बसत होतो.

हे लिहून झालं. उद्या रविवार आहे, न्हाव्याकडे जागा नसते इतकी माणसं असतात. तिथे उभा राहून वाचणार आहे, सगळं, चिंध्यांचं वाक्यही.