निळ्या गोळ्यांची डबी

"गोळ्या बी मीच दिल्या अन् डबी बी मीच दिली," जगदेवी एकदा स्वतःशीच म्हणाली. निलंग्याच्या स्टँडवर लातूरची गाडी लागली होती. ती चढली नाही. गाडी गेली तरी पिशवी पोटाशी धरून तशीच उभी राहिली.

ती देगलूरकडची. घरात मराठी, शेतात कानडी, बाजारात तेलुगू, अशा तिन्ही भाषांत तिला गप्प बसता येत होतं. नवरा मलप्पा एचआयव्हीनं गेला आणि जाण्याआधी तिलाही तो आजार देऊन गेला. नवऱ्याचं दुखणं बायकोला लागू नये म्हणून रोज घ्यायची गोळी असू शकते, हे तेव्हा तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे स्वतःच्या उपचाराच्या गोळ्या ती मिश्रीच्या डबीत ठेवू लागली. सासू मिश्री लावत नव्हती, म्हणून त्या डबीला शिवतही नव्हती. सासू वारली, दीर वेगळे निघाले, आणि कुणाला काही कळलं नाही. जगदेवी जगली ती अशी.

लातूरच्या एका संस्थेत तिला गावोगाव फिरायचं काम मिळालं, तेव्हा ती बायकांना औषध द्यायची आणि औषध लपवायलाही शिकवायची. तेच तर तिला येत होतं.

महामाया तिला दवाखान्याच्या व्हरांड्यात भेटली. माहेर अर्धापूरचं, केळीच्या बागांतलं; सासर निलंग्याजवळच्या खेड्यात. नवरा प्रीतम ऊस तोडायच्या यंत्रावर चालक. त्याला एचआयव्ही होता, हिला नव्हता, आणि हे त्या दोघांशिवाय घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. महामायाला मूल हवं होतं. सासू भामाबाईला तर ते लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यापासून हवं होतं.

आजार झालेल्याला औषध मिळतं. न झालेल्या बाईनं ते मागितलं, की देणारा आधी तिच्याकडे बघतो. महामाया तीन ठिकाणी तशा नजरा झेलून आली होती. संस्थेकडे प्रतिबंधाच्या गोळ्या थोड्याच यायच्या. त्यातल्या काही जगदेवीनं तिच्यासाठी मिळवल्या.

"पण बाटली घरात कशी ठेवू, ताई? प्रीतमच्या दवाखान्यातली बाटली पण अशीच असती. सासूबाईला वाचता येत न्हाई, पण नणंद बारावी शिकलीय."

जगदेवी हसली. "गोळीचा रंग बघ. निळा. शाळेत पोरींना रक्तवाढीची गोळी देतात, ती कसली असती?"

"निळीच."

"मग! सांग, रक्त कमी हाय म्हणून दिल्यात."

तिनं पिशवीतून एक रिकामी स्टीलची डबी काढली आणि गोळ्या तिच्यात ओतल्या. महामायानं डबी कानाशी नेऊन हलवली आणि दोघी हसल्या. रोज एक, खंड पडू द्यायचा नाही, एवढं जगदेवीनं दोनदा बजावलं. मग बाटली दवाखान्यातल्याच कचऱ्यात टाकली.

मग नणंद ऋतुजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला सरकारी लाल गोळ्यांनी मळमळायचं. भामाबाईनं एकदा सुनेच्या हातात डबी पाहिली.

"ह्या कसल्या गं?"

"रक्ताच्या."

"अन् एकटीच खाऊन राहिलीस व्हय? ही दोन जिवाची बसलीय इथं. आज तू खा, उद्या तिला दे. घरात आलेलं वाटून खावं, माय."

डबी चुलीजवळच्या फळीवर गेली, तिखटमिठाच्या शेजारी. महामाया काय म्हणणार होती? नाही म्हणावं तर का, ते सांगावं लागलं असतं. ऋतुजाला त्या गोळ्यांनी काही झालं नाही. खंड पडला तो महामायाचा.

तिनं जगदेवीला फोन केला होता. "ताई, एक दिवसाआड घेतली तर चालंल का?"

जगदेवी गाडीत होती, शेजारी माणसं होती. फोनवर कुणाला 'का' विचारायचं नाही, हा तिचा नियम. बाईच्या मागं कोण उभं आहे ते आपल्याला दिसत नाही. तिला वाटलं, विसरत असेल.

"रोजच घ्यायची. पर न्हाईच जमलं तर न घेण्यापेक्षा बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्याच हंगामात प्रीतम यंत्राबरोबर कर्नाटकात होता. खोलीत चौघे झोपायचे, म्हणून त्यानं आपल्या गोळ्या घरीच, कपड्यांच्या तळाशी ठेवल्या होत्या. तोही लपवतच होता; त्याच्याही गोळ्या बंद पडल्या होत्या. मध्ये चार दिवस सुट्टीला येऊन गेला.

पुढच्या तपासणीला लातूरला महामायाचा निकाल आला. ती रडली नाही. डबी घरात कशी वाटली गेली ते सांगितलं, आणि मग "आता तुमच्यासारखीच झाले की मी," एवढंच म्हणाली. जगदेवीनं स्वतःचं दुखणं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त हिलाच, धीर द्यायला, सांगितलं होतं.

ऋतुजाच्या मुलाच्या नामकरणाला भामाबाईनं जगदेवीला मुद्दाम बोलावलं. त्या दिवशी गाडीत ती ठरवून बसली होती, की म्हातारीला बाजूला घेऊन सांगायचं. चूक माझी, हिला बोल लावू नका.

दारात मांडव होता. भामाबाईनं तिला हाताला धरून आत नेलं.

"या, या! आमच्या बौद्धांच्या घरचा चहा चालतो ना लिंगायताला? का बाटताल?"

"आणा की. कवाची बाटलीय मी," जगदेवी म्हणाली. बायका हसल्या.

"बघा गं, हीच ती गोळीवाली! ऋतुजाचं रक्त कसं वाढलं, पोरगं कसं गुटगुटीत झालं. आमच्या सुनेला काई गुण आला न्हाई म्हणा. तिची कूस अजून रिकामीच."

कोपऱ्यात महामाया कप विसळत होती. तिनं मान वर केली नाही.

"भामाबाई, मला जरा बोलायचं होतं तुमच्याशी," जगदेवी म्हणाली.

आता महामायानं पाहिलं. मान हलवली, किंचित, ओल्या हातातला कप तसाच धरून. नाही.

जगदेवीला त्या क्षणी कळलं, की आपण जे सांगायला आलो ते आपलं नाही. ते सांगून आपलं ओझं उतरेल, आणि ते या पोरीच्या अंगावर पडेल, या भरल्या घरात, सगळ्यांच्या देखत. चूक कबूल करायची तर तिचं नाव त्यात ठेवावं लागणार होतं.

"बोला की," भामाबाई म्हणाली. मग आठवल्यासारखी उठली आणि फळीवरून स्टीलची डबी घेऊन आली. घासून लख्ख केलेली. "हे आधी घ्या. भरून आणा. संपल्यात."

"हाव, भरून आणा, ताई," महामाया मागून म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "आता मला रोजच लागतील. आता वाटून न्हाई देणार कुणाला."

"बघा, कशी बोलायला शिकली!" भामाबाई म्हणाली आणि पुन्हा सगळ्या हसल्या.

चहा आला होता. बशीत सांडला होता. जगदेवीनं डबी घेतली, ती रिकामी आहे हे माहीत असूनही झाकण घट्ट दाबलं आणि पिशवीत टाकली. पाळण्यापाशी कुणीतरी नाव पुकारलं, टाळ्या झाल्या. ती उठली, पदर सारखा केला, दारातल्या चपलांतून आपल्या शोधल्या आणि मांडवातून बाहेर पडली.