किडका दाणा आणि माझं रक्त

मलेरियाचा ताप उतरून पंधरा दिवस झाले होते. गोळ्या सगळ्या संपवल्या होत्या. तरी कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मला दोनदा जिन्यात बसावं लागायचं. छाती धडधडायची.

आत्तीनं, म्हणजे वडिलांच्या बहिणीनं, माझी खालची पापणी ओढून बघितली. आत पांढरंफटक.

"ताप गेला की. मग ह्ये कशानं? वाचून वाचून रक्त आटलं पोरीचं. नाव काढ कॉलेजातनं," ती वडिलांना म्हणाली.

आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मला काहीही झालं की दोष कॉलेजचा. वडील टेम्पो चालवतात, फार बोलत नाहीत. "सोमवारी जाऊन येतो," एवढंच म्हणाले.

मी सहसा उलट बोलत नाही, शब्द अडकतात. पण शनिवारी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून आले. हिमोग्लोबिन बरंच कमी होतं. डॉक्टरबाईंना तीनदा विचारून कारण समजून घेतलं. रविवारी सकाळी आत्ती ज्वारी निवडत होती, तिथं जाऊन बसले. वडील शेजारीच चहा पीत होते.

सुपातला भोक पडलेला दाणा मी उचलला. "आत्ती, ह्यो कुणी खाल्ला?"

"किड्यानं. आणि कुणी?"

"मलेरियाचा जंतू असाच रक्ताच्या लाल पेशीत शिरतो. आत वाढतो, पेशी फोडून बाहेर येतो, दुसरीत शिरतो. आणि तू किडक्याबरोबर चार चांगलं दाणंबी टाकतीस. पोटात रक्त गाळणारी प्लीहा असती, तीबी तसंच खराब पेशींबरोबर चांगल्याबी काढून टाकती. वर नवीन रक्त तयार व्हायचं कामबी मंदावतं. ताप गेला तरी रक्त भरून यायला वेळ लागतो."

"मी चांगलं दाणं टाकती व्हय?"

"टाकतीस. बघितलंय मी."

वडील कपात बघून हसले. आत्ती चिडली. "म्हंजे पुस्तकाचा काय दोष न्हाय म्हण."

"डास चावला, आत्ती. शेजारच्या बांधकामावर पाणी साचलंय, त्यांना कोण बोलत न्हाय. माझं नाव तेवढं काढायला निघालाय." मग मी वडिलांकडे वळले. "आण्णा, तुम्ही अर्ज दिला तरी मी वर्गात जाऊन बसणार."

"लई बोलायला शिकली," आत्ती म्हणाली आणि टाकलेले दाणे पुन्हा चाळू लागली.

सोमवारी वडील गेले, पण बांधकामावर, पाण्यावरून भांडायला. मी कॉलेजला गेले. जिन्यात बसले तेव्हा वर्गातली एक मुलगी म्हणाली, "बरं नाही तर घरी जा की."

"जरा बसू दे," मी म्हणाले. "वर जायचंय."