ताईचा निरोप तिच्याच फोनमध्ये अडकला

मंडळी, संताप आवरत नाहीये. जानकीपुरमला एकटी राहणारी माझी ताई आज सकाळी पडली. तिला ऐकू कमी येतं, म्हणून तिने मेसेज केला, "लगेच ये." तेव्हा माझं नेट बंद होतं. पाठवून तिनेही सवयीने नेट बंद केलं. मेसेज मिळाला दुपारी दोनला, दोघींचं नेट एकदम चालू झालं तेव्हा.

आम्हा दोघींच्या फोनमध्ये हे मेसेजचं ॲप इथेच उत्तरेत वाढलेल्या आमच्या चिरंजीवांनी बसवलेलं. म्हणतात, "आई, इसमें सर्वर नहीं है. दोनों ऑनलाइन हों तभी जाता है. बीच में कोई पढ़ नहीं सकता."

मी म्हटलं, "अरे, बंद लखोटा वॉचमनकडे ठेवला तर तो वाचतो का? मी आल्यावर देतो ना? सर्वरही बंद लखोटाच सांभाळतो."



ताईचं मनगट मोडलंय. तिला गुप्तता नको होती, मी हवी होते. आईवडिलांच्या फोनमध्ये काही भरण्यापूर्वी तुम्ही त्यांना विचारता का?