जिभेखालची गोळी

ती गोळी आधी परदेशची, महाग, म्हणून नुसत्याच गप्पा. मग आपल्याच कंपन्या काढायला लागल्या, स्वस्त झाली, आणि हैदराबादेत आमच्या चिक्कडपल्लीतल्या पन्नाशीच्या पुरुषांना जशी जहागीर परत मिळाली. डॉक्टरची चिठ्ठी कोण मागतो? मेडिकलवाला म्हणायचा, "चिठ्ठी नक्को साब, लेके जाओ." झालं!

आमचे हे साध्या सर्दीलाही मला विचारून गोळी घेणारे. ही मात्र चोरून. शर्ट धुवायला काढला तर खिशात तिची पट्टी आणि घडीही न मोडलेला माहितीचा कागद. डिक्शनरी घेऊन मीच तो वाचला. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी हिच्यावर घेतली, तर रक्तदाब एकदम कोसळतो, जीवही जाऊ शकतो. वाचलं, आणि लाजेपायी गप्प बसले. माझाही मूर्खपणाच तो.

रविवारी सकाळी इडली खाताखाता यांनी छाती धरली. दरदरून घाम. समोर मोठे भावोजी, स्वतः हृदयाचे पेशंट. त्यांनी खिशातून जिभेखालची गोळी काढली. "आ कर." यांनी लगेच आ केला.

मी भावोजींचा हातच धरला. "थांबा! काल रात्री यांनी ती गोळी घेतलीय."

"कोणती गं?" सासूबाई.

"अहो, ती. पुरुषांची."

हे छाती धरून माझ्यावरच डोळे वटारतात, "गप बस!" जीव चाललाय आणि माणसाला अब्रूची पडलीय!

ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. तिथेही कोणती गोळी, किती वाजता, सगळं मीच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं सांगितलंत." त्यांनी दुसरी औषधं देऊन यांना सावरलं. हे मात्र पुढे महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. वाचवल्याची शिक्षा!

त्याच रविवारी संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात भावोजी खाकरत जवळ आले. "तो कागद आहे का गं घरी?"

"तुम्हाला कशाला?"

सकाळच्याच खिशात त्यांनी हात घातला आणि यांच्या शर्टात सापडली होती तसलीच पट्टी काढली. दोन गोळ्या संपलेल्या. "मीच त्याला आणून दिली होती," म्हणाले.

मी उठलेच. "कागद कशाला? डॉक्टर आत बसलेत. चला, आत्ता सांगा त्यांना."

आत सासूबाई बसल्या होत्या. भावोजींनी पट्टी पुन्हा खिशात घातली.